मेंदूला मार आणि अंगातला दाह

ओसरीवरून (धागाकर्ती):

औषधाचं नाव मिळेल म्हणून कोणी धागा उघडला असेल तर आधीच सांगते, ते इथे नाही. गेल्या सात महिन्यांत जे वाचलं, विचारलं आणि एकदा चांगलंच अंगाशी आलं, ते लिहून ठेवते आहे. चुकत असेल तिथे जाणकारांनी कान धरावा.

माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून पडला. डोक्याला जबर मार. दाखल केलं तेव्हा ग्लासगो स्केलवर ७ (शुद्ध किती आहे ते मोजणारी ही पट्टी ३ ते १५ ची असते, ८ किंवा खाली म्हणजे गंभीर). मेंदू सुजत होता म्हणून कवटीचा एक तुकडा काढून ठेवला, एकोणीस दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. चौथ्या महिन्यात तो छोटी वाक्यं बोलायला लागला होता, धरून दहा-बारा पावलं टाकत होता. आम्ही हवेत.

आणि मग एका आठवड्यात सगळं उलटं फिरलं. आधी शब्द गेले. मग उजवा पाय पुन्हा ओढायला लागला. मग दिवसभर झोप. ताप नव्हता. मेंदूत पुन्हा रक्त साकळलं असणार असं वाटून आम्ही धावलो, सीटी स्कॅन केला, तर तो आधीसारखाच. "अशा पेशंटमध्ये वरखाली होतंच, अपेक्षा थोड्या कमी ठेवा," असं सांगून आम्हाला परत पाठवलं. घरी येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही.

पाचव्या दिवशी दुसऱ्याच एका तरुण डॉक्टरांनी रक्त आणि लघवी तपासायला लावली. लघवीच्या मार्गात संसर्ग होता, चांगलाच वर गेलेला. अँटिबायोटिक सुरू झालं. आठव्या-नवव्या दिवशी मी खोलीत गेले तर भाऊसाहेब वर बघत म्हणाले, "ताई, पंखा." पंखा बंद होता.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न: जंतू मूत्राशयात, मग शब्द का गेले?

मला जे समजलं ते असं. मेंदूच्या दुखापतीचे दोन भाग. पहिला क्षणार्धात होतो, आपटण्याचा. तो कोणीच परत फिरवू शकत नाही. दुसरा त्यानंतर तासांनी, दिवसांनी, आठवड्यांनी होत राहतो. फुटलेल्या पेशींतून जे बाहेर सांडतं ते आजूबाजूच्या पेशींना धोक्याच्या घंटेसारखं असतं. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात, त्यांचे फाटे काही मिनिटांत जखमेकडे वळतात. त्या सायटोकाईन नावाची रसायनं सोडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एरवी जो कडेकोट बंदोबस्त असतो तो ढिला पडतो, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी आत शिरतात. या सगळ्या धांदलीला दाह म्हणायचं. सूज हा त्याचा एक भाग. पायाचा घोटा सुजला तर त्याला फुगायला जागा असते, कवटीला ती नसते, म्हणून तो तुकडा काढावा लागला.

पण मला चक्रावून टाकलं ते पुढच्या गोष्टीने. ही वाट दोन्ही दिशांनी चालू असते. मेंदूला मार लागला की यकृत, आतडी, फुप्फुसं, सगळ्यांना त्याची झळ बसते. आणि उलट, अंगात कुठेही दाह पेटला तर त्याची वर्दी मेंदूला जाते: काही रक्तातून, काही व्हेगस या लांबलचक मज्जातंतूतून. फ्लू झाला की आपण जसे मलूल होतो, कोणाशी बोलू नये, पडून राहावं असं वाटतं, ते जंतूंनी थेट केलेलं नसतं. आपल्याच सायटोकाईनचा निरोप पोचल्यावर मेंदूने घेतलेला तो पवित्रा असतो. धडधाकट मेंदूला ते झेपतं. भावाचा मेंदू मात्र त्या काळात उरल्यासुरल्या जोडण्यांवर कसाबसा संसार चालवत होता. तिथे एवढंसं ओझं पुरलं.

हे मला कोणी पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर पाच दिवस वाचले असते. तेवढ्यासाठी हा धागा.

नुसताच_वाचक:

वाचतोय. "ताई, पंखा" ला थांबलो जरा. भावाला शुभेच्छा.

शंकासुर:

सहानुभूती आहेच, पण दोन शंका. एक, लघवीत जंतू सापडले आणि भाऊ सुधारला, हा योगायोग कशावरून नाही? दोन, दाह एवढा वाईट असेल तर सरळ स्टेरॉईड देऊन तो पहिल्याच दिवशी का मोडून काढत नाहीत? दम्याला देतात, सांध्यांना देतात.

डॉ_निवांत:

पुनर्वसन विभागात काम करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

शंकासुर, तुमची पहिली शंका रास्त आहे. लघवीची नळी बरेच दिवस असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. ते तिथे नुसते राहत असतात, त्रास देत नाहीत. रिपोर्टमध्ये जंतू दिसले की अँटिबायोटिक, असं करत गेलं तर पुढे ऐन वेळी औषध चालेनासं होतं. त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर जायचं नाही. माणूस बदलला आहे का, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) वाढलं आहे का, लघवी करताना कळवळतो का, हे सगळं एकत्र धरायचं. धागाकर्तीने बाकीचे रिपोर्ट दिलेले नाहीत, तरी चित्र जुळतं. जुनी, भरून येत आलेली लक्षणं तापात किंवा संसर्गात तात्पुरती पुन्हा उघडी पडणं स्ट्रोकच्या रुग्णांत नेहमी दिसतं. आधी ज्या बाजूची ताकद गेली होती तीच बाजू, आधी अडखळायचे तेच शब्द. नवीन काहीतरी बिघडलं तर ते बहुधा नवीन ठिकाणी दिसतं. हा फरक घरच्यांच्या लक्षात आमच्याआधी येतो. (सोडियम पाहिलं होतं का? ते घसरलं तरी हुबेहूब असंच दिसतं.)

आणि हो, सीटी करायला धावलात ते बरोबरच केलंत. आधी मेंदू तपासायचाच. चूक स्कॅन करण्यात नव्हती, स्कॅन नीट आला म्हणून शोध थांबवण्यात होती.

दुसरी शंका. स्टेरॉईड देत होते की! तीस वर्षांच्यावर जगभर देत होते, तुम्ही म्हणता त्याच तर्काने. मग क्रॅश नावाची मोठी चाचणी झाली. वीस हजार रुग्ण घ्यायचे ठरले होते, दहा हजार आठ झाल्यावर ती मध्येच थांबवावी लागली. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: दोन आठवड्यांत मृत्यू मिथाईलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड घेतलेल्यांत २१.१ टक्के, नुसतं दिखाऊ औषध घेतलेल्यांत १७.९ टक्के. म्हणजे औषधाने माणसं जास्त गेली. तेव्हापासून डोक्याच्या मारासाठी स्टेरॉईड बंद. मेंदूतल्या गाठीभोवतीच्या सुजेला ती अजून देतात आणि तिथे गुण येतो, म्हणून नातेवाईकांचा गोंधळ होतो. शेजारच्या खाटेवरच्याला दिलं, आमच्याला का नाही?

शंकासुर:

२१.१ विरुद्ध १७.९. हे माहीत नव्हतं. दुसरी शंका मागे घेतो.

पण मग प्रश्न उलटा होतो. दाह दाबल्यावर माणसं मरत असतील, तर दाह उपयोगाचा आहे का?

तळटीप:

आहे. तोच तर सगळा घोळ आहे.

मेलेल्या पेशींचा राडारोडा उचलायला कोणीतरी लागतं. तो उचलल्याशिवाय नव्या जोडण्यांना वाट मिळत नाही. मायक्रोग्लिया हेच काम करतात, शिवाय काही डागडुजीची द्रव्यंही सोडतात. तीच पेशी, तोच माणूस म्हणा हवं तर, सकाळी अग्निशमन दलात आणि दुपारी दंगलीत. पूर्वी त्यांच्या 'चांगल्या' आणि 'वाईट' अशा दोन जाती सांगायचे. आता ती विभागणी फार ढोबळ ठरली आहे, एकाच वेळी एकाच पेशीत दोन्ही गुण सापडतात.

याचं सर्वात बोलकं उदाहरण २०१८ चं. मार लागून बराच काळ लोटलेल्या काही रुग्णांना मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक बारा आठवडे दिलं. ते मायक्रोग्लियाला शांत करतं. स्कॅनवर दिसलंही तसं, दाहाची खूण कमी झाली. पण त्याच वेळी रक्तात न्यूरोफिलामेंट नावाचं, मज्जातंतू झिजले की बाहेर पडणारं प्रथिन वाढलं. दाह कमी, झीज जास्त! अभ्यास लहान होता, पंधराच माणसं. तरी 'दाह उतरला म्हणजे मेंदू सुधारला' हे समीकरण त्याने मोडलं.

अवांतर: या पेशींना मायक्रोग्लिया हे नाव १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी दिलं. त्याआधी मेंदूतल्या अनेक पेशी 'इतर' म्हणून एकाच पोत्यात भरलेल्या असायच्या.

रात्रपाळी:

आयसीयूत परिचारिका आहे, नावावरून कळलंच असेल.

डॉक्टर लोक रेणूंवर बोलतात, मी चादरीखाली काय असतं ते सांगते. न बोलणाऱ्या पेशंटला कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. तो फक्त 'मागे जातो'. चिडतो, घामेजतो, स्नायू ताठ होतात, व्यायामाला साथ देत नाही, झोपून राहतो. अशा वेळी मेंदूकडे बघत बसू नका, अंगावरचे कपडे काढा आणि डोक्यापासून नखापर्यंत बघा. माकडहाडावर आणि टाचेला बेडसोर. नळीच्या तोंडाशी लाली. पोटरी एका बाजूची जास्त जाड आणि गरम (हे दिसलं तर चोळू नका, लगेच दाखवा, शिरेत गुठळी असू शकते). तोंडात टॉर्च मारा, किडलेली दाढ, हिरडीत पू. चार दिवस पोट साफ नाही. एका पेशंटची आठवडाभर चिडचिड चालली होती, औषधाचे डोस वाढत होते, शेवटी पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं निघालं. मोजा कोणी काढलाच नव्हता.

छातीबद्दल वेगळं सांगते. मेंदूला मोठा मार लागला की पहिले काही दिवस, कधी आठवडे, अंगाची प्रतिकारशक्ती खाली बसते. ऐकायला विचित्र वाटतं, एकीकडे दाह भडकलेला आणि दुसरीकडे जंतूंशी लढायची ताकद कमी, पण दोन्ही एकत्र असतात. त्यात गिळणं बिघडलेलं. घास किंवा लाळ चुकीच्या नळीत जाते आणि गंमत म्हणजे कित्येकांना खोकलासुद्धा येत नाही. मग न्यूमोनिया. न्यूमोनिया झालेल्यांची पुढची प्रगती मागे पडते हे आम्ही रोज बघतो. म्हणून डोकं वर, तोंड स्वच्छ, आणि गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय 'थोडं पाणी पाजते' हा प्रेमळ उद्योग नको. दात घासणं हे मेंदूचं औषध आहे असं मी म्हटलं की नातेवाईक हसतात. हसू देत.

ओसरीवरून:

@डॉ_निवांत, आत्ता फाईल काढून पाहिली. सीआरपी ९४, पांढऱ्या पेशी साडेसतरा हजार. सोडियम १३१. ते कमी होतं हे मला आज, तुमच्यामुळे कळलं. तेव्हा कोणी बोललं नाही.

@रात्रपाळी, 'थोडं पाणी पाजते' मी केलंय. दोनदा. लिहायला लाज वाटते आहे.

रात्रपाळी:

सगळे करतात हो. लाज कसली. आमच्यासमोर नाही करत एवढंच.

डॉ_निवांत:

१३१ म्हणजे कमीच. मग दोन्ही कारणं हातात हात घालून आली असणार. शंकासुर, तुमच्या 'योगायोग कशावरून नाही'ला अर्धा गुण.

पायरी_पायरीने:

फिजिओथेरपिस्ट. माझ्याकडून दोन गोष्टी.

पहिली जरा कमी माहीत असलेली. मेंदूच्या गंभीर मारानंतर काही जणांच्या खुब्याभोवती किंवा कोपराभोवती, स्नायूत, जिथे हाड असायचं काम नाही तिथे हाड तयार व्हायला लागतं. सांधा गरम, सुजलेला, आणि कालपर्यंत जेवढा वाकत होता तेवढा आज वाकत नाही. अंगातल्या दाहाशी त्याचा संबंध आहेच. शिवाय हाडांच्या डॉक्टरांना जुना अनुभव आहे की डोक्याला मार लागलेल्यांची मोडलेली हाडं भराभर, मोठा गोळा धरून सांधतात. म्हणजे मेंदूतून काहीतरी हाडापर्यंत पोचतंय. अशा सांध्याला 'जोर लावून मोकळा करू' म्हणणारा कोणी भेटला तर हात जोडा आणि आधी एक्स-रे, रक्त तपासणी करा. सुरुवातीला हे पायातल्या गुठळीसारखं दिसतं, म्हणून दोन्ही शक्यता बघाव्या लागतात.

दुसरी, संसर्ग चालू असताना व्यायाम. नातेवाईक घाबरतात, 'खंड पडला तर सगळं वाया जाईल.' नाही जात. ताप असताना मेंदूचा खर्च वाढलेला असतो, पेशंट दहा मिनिटांत संपतो. त्या आठवड्यात मी बसवणं, कुशी बदलणं, सांधे हलते ठेवणं एवढंच करते. ताप उतरल्यावर मागची पायरी तीन-चार दिवसांत पुन्हा येते, पहिल्यांदा यायला जेवढा वेळ लागला होता तेवढा लागत नाही. आणि एरवी मात्र नेमाने हालचाल हवीच. काम करणाऱ्या स्नायूंतून इंटरल्युकिन-६ बाहेर पडतं. हेच रसायन संसर्गात दाहाचा निरोप नेतं, आणि व्यायामाच्या वेळी आलं की दाह शमवणाऱ्या रसायनांना हाक मारतं. निरोप्या एकच, घर बदललं की निरोप बदलतो.

अर्धविराम:

माझं प्रकरण धागाकर्तीच्या मानाने किरकोळ, कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हलका हादरा. कपाटाचं दार डोक्यात. स्कॅन स्वच्छ. मला सांगितलं, अंधाऱ्या खोलीत पडून राहा, स्क्रीन नको, वाचन नको, बरं वाटेपर्यंत. बरं वाटेचना! पाच आठवडे पडून होतो आणि पाचव्या आठवड्यात पहिल्यापेक्षा वाईट. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की पूर्ण विश्रांती एक-दोन दिवसांची, मग हळूहळू चालायला लागायचं.

आता अकरा महिने झाले. चार माणसांत अर्धा तास बसलो की डोक्यात कापूस. वाचतो त्यावरून वाटतं माझ्या मेंदूत अजून दाह आहे. आहे का? आणि तो मोजता येतो का?

डॉ_निवांत:

कन्कशनबद्दल: हो, सल्ला बदलला. सध्याचा आंतरराष्ट्रीय सल्ला २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांतीचा (रोजची हलकी कामं चालू ठेवून) आहे, अंधारकोठडीचा नाही. अमेरिकेतल्या बफेलोच्या गटाने २०१९ साली किशोरवयीन खेळाडूंवर केलेली चाचणी बघा: लक्षणं फार वाढणार नाहीत एवढ्याच जोरात रोज व्यायाम केलेल्यांपैकी निम्मे १३ दिवसांत बरे झाले, नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम केलेल्यांपैकी निम्मे १७ दिवसांत. फरक मोठा नाही, पण दिशा स्पष्ट आहे.

दाह मोजण्याबद्दल: तुम्हाला उपयोगी पडेल अशी तपासणी दवाखान्यात नाही. सीआरपी यकृतात तयार होतं, ते सबंध अंगाचा धूर दाखवतं. कोणत्या खोलीत आग आहे ते नाही. दाढेत पू झाला असेल तरी वाढू शकतं. पीईटी स्कॅनमध्ये खास द्रव्य टोचून मायक्रोग्लियाची हालचाल पाहतात, पण ते संशोधनापुरतं.

आणि कृपा करून, डोक्यातला प्रत्येक कापूस दाहावर ढकलू नका. हल्ली तो फॅशनचा शब्द झालाय. अकरा महिन्यांनी थकवा असेल तर आधी या गोष्टी: झोप कशी आहे, घोरता का, मानेतून येणारी डोकेदुखी आहे का, नैराश्य, दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्याने होणारी उलटी डोकेदुखी, आणि पिट्युटरी ग्रंथीचे हार्मोन्स. डोक्याच्या मारानंतर काही जणांत ही मटाराएवढी ग्रंथी मंदावते, थकवा हे तिचं एक लक्षण, आणि तिची सुरुवातीची रक्ततपासणी अगदी सर्वसाधारण लॅबमध्ये होते. ती कोणी करत नाही. दाह शोधत बसायच्या नादात उपचार होण्याजोगी गोष्ट सुटते.

अर्धविराम:

घोरतो. बायको म्हणते अपघातानंतर जास्त. हार्मोन्स केलेच नाहीत. नोंद घेतली.

तळटीप:

पीईटीचा विषय निघालाच आहे म्हणून. २०११ च्या अभ्यासात मार लागून १७ वर्षांपर्यंत झालेल्या माणसांच्या मेंदूत, विशेषतः थॅलॅमस या मेंदूच्या आत खोलवर असलेल्या भागात, मायक्रोग्लिया जागे दिसले. म्हणजे जिथे आपटलं तिथून लांब. २०१३ साली मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंत एकाच मोठ्या मारानंतर १८ वर्षांपर्यंत दाहाच्या खुणा आणि मेंदूतल्या पांढऱ्या भागाची (जोडणाऱ्या तंतूंची) झीज सापडली. सगळ्यांत नाही, काहींत. घाबरवायला सांगत नाही. मुद्दा हा की धागाकर्तीच्या भावाचे राखणदार बहुधा अजून अर्धवट जागेच आहेत. अशा पेशी दुसऱ्या धक्क्याला जास्त जोरात उसळतात, याला प्रायमिंग म्हणतात, प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते वारंवार दिसलंय. मूत्राशयातली ठिणगी मेंदूत वणव्यासारखी का वाटली त्याचं एक उत्तर इथे आहे.

मोकळं_आभाळ:

एका ओळखीच्यांनी मणक्याजवळ द्यायच्या इंजेक्शनबद्दल सांगितलं. टीएनएफ नावाचं दाहाचं रसायन रोखतं, मिनिटांत फरक पडतो म्हणे, व्हिडिओ पण आहेत. जुन्या दुखापतीलाही चालतं. कोणी घेतलंय का? शिवाय दाह कमी करणाऱ्या कॅप्सूलही मिळतात.

शंकासुर:

व्हिडिओत फरक न पडलेले लोक दिसले का?

डॉ_निवांत:

ते इटानरसेप्ट. संधिवाताचं उत्तम औषध. स्ट्रोकनंतर मणक्याजवळ देण्याची नीट, आंधळी (खरं औषध कोणाला मिळालं ते कळू न देता केलेली) चाचणी ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये झाली. त्यात ते दिखाऊ इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही. दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांतही बऱ्याच जणांना बरं वाटलं, आणि व्हिडिओचं कोडं तिथेच सुटतं. कॅप्सूलचं म्हणाल तर त्यातल्या काही रक्त पातळ करतात, काही फिटच्या औषधाशी भांडतात. घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, एवढंच मागणं. आणि डोक्याला नुकता मार लागला असेल तर दुखण्यासाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

मोकळं_आभाळ:

बरं झालं विचारलं. आगाऊ रक्कम भरायची होती.

नुसताच_वाचक:

झोपेबद्दल कोणी लिहिलं नाही? झोपेत मेंदू धुतला जातो असं ऐकलंय.

तळटीप:

२०१२-१३ च्या उंदरांवरच्या कामातून ते पुढे आलं. ग्लिम्फॅटिक म्हणतात त्याला. झोपेत ही धुलाई वाढते की नाही यावर २०२४ मध्ये उलटे निष्कर्षही आले आहेत, तेव्हा वाद चालू आहे. पण झोप तुटली की दुसऱ्या दिवशी रक्तातल्या दाहाच्या खुणा वाढू शकतात आणि व्यायाम, शिकणं, मूड सगळं घसरतं, याला उंदीर कशाला हवेत?

रात्रपाळी:

वॉर्डात रात्री तीन वाजता दिवे लावून कुशी बदलणारी मीच. काय बोलू.

ओसरीवरून:

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. दोन रात्री वाचते आहे.

मी एक वही केली आहे. त्यात मेंदूचं काही नाही. सकाळी हाक मारल्यावर किती वेळात डोळे उघडले. लघवी किती, रंग, वास. पोट. त्वचा. खोकला. झोप तुटली का. आणि शेवटच्या रकान्यात आज बोललेलं सर्वात लांब वाक्य. मागच्या महिन्यात दोनदा वाक्य आधी लहान झालं आणि मग दोन दिवसांनी ताप आला. थर्मामीटरच्या आधी शब्द सांगतात, निदान आमच्याकडे तरी. दुसऱ्या वेळी आम्ही तापाची वाट न बघताच गेलो, छातीत कफ भरलेला निघाला, तिथेच आवरला.

एक प्रश्न राहिला. पुढच्या महिन्यात कवटीचा तुकडा परत बसवायचा आहे. या सगळ्याचा त्याच्याशी काही संबंध?

डॉ_निवांत:

आहे. अंगात कुठेही चालू संसर्ग असेल तर ती शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, बसवलेल्या तुकड्यावर जंतू बसले तर तो पुन्हा काढावा लागतो. लघवी, छाती, त्वचा तुमच्या वहीत आहेच. दात नाहीत.

ओसरीवरून:

खरंच नाहीत.

ओसरीवरून:

दंतवैद्याची वेळ घेतली, शुक्रवारी सकाळी. खालच्या बाजूला एक दाढ किडलेली दिसते आहे टॉर्चमध्ये. भावाला सांगितलं तर म्हणाला, "ती जुनीच आहे, तुला काय माहीत." सहा शब्द. वहीत लिहिले.